लिस्बनचे चार वॉडली

जोथम वॉडली यांनी रजा मागितली, यापलीकडे त्यांचा काही गुन्हा नव्हता.

वॉडली हे लिस्बन बंदरात अमेरिकेचे दूत होते. देश नवा होता, त्याने नुकतंच राजाला रामराम ठोकला होता, त्यामुळे राजदूत म्हणवून घ्यायची सोय नव्हती, नुसतेच दूत. आपला खलाशी दारू पिऊन तुरुंगात गेला की त्याला सोडवायचं, आपल्याकडून आलेल्या खारवलेल्या कॉड माशाला बाजारात कुणी नाक मुरडलं की निषेध नोंदवायचा, आणि महिन्याकाठी 'सर्व क्षेम' असं वर कळवायचं, एवढंच त्यांचं राजकारण. सहा वर्षं त्यांनी ते मुकाट्याने केलं. मग न्यूबरीपोर्टहून मुलीचं, टेम्परन्सचं, पत्र आलं. तिला मुलगा झाला होता आणि नाव आजोबांचंच ठेवलं होतं.

"अहो, आता पुरे," मेहिटेबलबाई म्हणाल्या. "पोर बोलायला लागायच्या आत घरी जायचं. नाहीतर ते आपल्यालाच विचारेल, हे कोण म्हणून."

"अगं, परवानगीशिवाय जागा सोडता येत नाही."

"मग मागा की परवानगी. हात दुखतोय का?"

वॉडलींनी अर्ज लिहिला. समुद्रावर तेव्हा वादळं होती, चाचे होते, शिवाय इंग्रज आणि फ्रेंच होते. म्हणून प्रत्येक सरकारी पत्राच्या चार प्रती करून त्या चार जहाजांनी पाठवायच्या, असा नियम होता. तीन बुडणार हे धरूनच चालायचं. नकला उतरवायला आन्सेल्मो तेलेस नावाचा लिस्बनचाच कारकून होता. त्याचं अक्षर हुबेहूब साहेबांसारखं, आणि सही तर साहेबांपेक्षाही बरी.

पण त्या मोसमात हवा अशी काही चांगली राहिली, की चारही जहाजं फिलाडेल्फियाला सुखरूप लागली. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं, आणि जे पूर्वी घडलेलं नाही त्याच्यासाठी कचेरीत नियम नसतो. समुद्रपार पत्रांच्या कचेरीतले मुख्य कारकून फिनीअस गुकिन यांनी चारही अर्ज आले तसे आवक करून घेतले, त्यांवर विचार केला, आणि यथावकाश उत्तर धाडलं.

"लिस्बन येथे वॉडली या नावाचे चार दूत कार्यरत असल्याचे आपणा चौघांच्या अर्जांवरून या कचेरीच्या निदर्शनास आले आहे. एका बंदरास चार दूत ठेवणे ही राजेशाही उधळपट्टी असून प्रजासत्ताकास ती शोभत नाही. तरी आपण चौघांनी खुलासा करावा."

वॉडलींनी तडकाफडकी खुलासा लिहिला, की मी एकच आहे. नियमाप्रमाणे चार प्रती केल्या. हवा अजून चांगलीच होती.

गुकिनसाहेबांच्या टेबलावर चार खुलासे येऊन पडले. लिस्बनचा एकुलता एक दूत मीच, असं चार जण एकाच तोंडाने सांगत होते. खुर्चीवरून भांडणारी माणसं गुकिननी आयुष्यभर पाहिली होती, पण भांडणात इतकी एकवाक्यता कधी पाहिली नव्हती. त्यांनी तसा कौतुकाचा शेराही मारून लिस्बनला धाडला.

"साहेब, या खेपेला एकच प्रत पाठवू या," आन्सेल्मो म्हणाला.

"आणि बुडाली म्हणजे?"

"चार बुडत नाहीत, ती एकटी कशाला बुडेल?"

ती खरंच बुडाली नाही. कचेरीकडून पोच आली: "आपले पत्र मिळाले. उर्वरित तीन प्रती प्राप्त झाल्याखेरीज ते उघडता येत नाही." त्याच थैलीत अंतिम निर्णयही होता. "सबब, वॉडली क्रमांक दोन, तीन व चार यांना तात्काळ परत बोलावण्यात येत आहे. क्रमांक एक हे मूळ असल्याने त्यांनी जागेवरच राहावे."

वॉडली डोक्याला हात लावून बसले. मेहिटेबलबाईंनी मात्र लगेच पेटी काढून कपडे भरायला घेतले.

"झालं की काम. तुम्ही दोन नंबर."

"अगं, पण एक नंबरही मीच आहे ना."

"त्याला राहू दे इथे. तो काय तुमचा हात धरून ठेवणार आहे?"

सगळा पत्रव्यवहार नेहमीसारखा चालू ठेव, असं आन्सेल्मोला बजावून वॉडली जहाजावर चढले. जहाजावर तीन वॉडलींसाठी तीन बिछाने राखलेले होते. वॉडली नियमाला पक्के, म्हणून ते आळीपाळीने तिन्हींवर झोपले.

फिलाडेल्फियाला उतरल्यावर कळलं, की परतलेल्या दूताने कचेरीतून मोकळीक घेतल्याशिवाय घरी जायचं नसतं. मेहिटेबलबाईंनी धक्क्यावरच घोडागाडी ठरवली.

"माझ्या कुणी प्रती काढलेल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "मी निघाले नातवाकडे. तुम्ही तिघं या मागून."

गुकिनसाहेब सभ्य गृहस्थ होते. त्यांनी वॉडलींना खुर्ची दिली.

"आपण दोन, तीन की चार?"

"तिन्ही."

"मग तिघांनी स्वतंत्र हजर व्हावं लागेल."

वॉडली तीनदा बाहेर जाऊन तीनदा आत आले. दर वेळी गुकिननी उठून हस्तांदोलन केलं आणि प्रवास कसा झाला ते विचारलं.

"आता फक्त ओळखीचा दाखला राहिला," ते म्हणाले. "तो लिस्बनच्या दूताकडून आणायचा."

"लिस्बनचा दूत मीच."

"आपण माजी. विद्यमान तिथे आहेत, आणि काय सांगू, फार चोख माणूस. आपण तिघं निघाल्यापासून ना एक तक्रार, ना एक मागणी. रजेचं तर नाव काढत नाहीत. मंत्रीमहोदय परवाच म्हणाले, दूत असावा तर असा."

सहा वर्षांत वॉडलींचं कौतुक कुणी केलं नव्हतं. आता झालं तेव्हा ते खुर्चीत नव्हते. ते त्यांच्या मनाला फार लागलं. पण नातू डोळ्यांपुढे होता, म्हणून त्यांनी अपमान गिळला आणि लिस्बनच्या दूताला विनंतीपत्र लिहिलं, की मी मीच आहे असं कृपया कळवावं.

खानावळीत राहून त्यांनी वाट पाहिली. सफरचंदांचा हंगाम आला आणि गेला. अखेर उत्तर आलं.

"जोथम वॉडली मीच असून जागेवर हजर आहे. आपल्याकडील गृहस्थ परिचयाचे नाहीत. सर्व क्षेम."

यात आन्सेल्मोची चूक काढता येणार नाही. वॉडली तिकडे आहेत, असं वॉडलींच्या सहीने इकडून लिहिणं म्हणजे सरळसरळ बनावट कागद झाला असता. तो प्रामाणिक माणूस होता.

"अहो, मी तुमच्यासमोर उभा आहे," वॉडली म्हणाले.

"ते दिसतंय ना," गुकिन मायेने म्हणाले. "पण लिस्बनच्या वॉडलींना आम्ही ओळखतो. इतक्या वर्षांची पत्रं आहेत त्यांची. तुम्हाला आम्ही नुसतं पाहिलंय."

वॉडलींनी आपली टोपी उचलली.

"मात्र आता आपण वॉडली नाही हे ठरल्यामुळे," गुकिन पुढे म्हणाले, "आपल्याला अडवायचं या कचेरीला काही कारण नाही. कुठे जायचं तिकडे खुशाल जा."

वॉडली त्याच दिवशी न्यूबरीपोर्टच्या गाडीत बसले. सगळ्या रस्ताभर ते नातवाशी काय बोलायचं ते मनात जुळवत होते.

टेम्परन्सने दार उघडलं आणि गळ्यात पडून रडली. मग डोळे पुसत म्हणाली, "बाबा, पण तुमचं पत्र तर कालच आलं. लिस्बनहून. बाळाला दात कितवा आला विचारलंय, त्याच्यासाठी अंगाईची दोन कडवी पाठवलीत. मी रोज रात्री त्याला तुमची पत्रं वाचून दाखवते."

वॉडलींनी सहा वर्षांत मुलीला कॉडच्या भावाखेरीज काही लिहिलं नव्हतं. आता सगळा पत्रव्यवहार चालू ठेवायचा म्हटल्यावर आन्सेल्मोने घरची पत्रंही चालू ठेवली होती, आणि साहेब लिहीत नसत ते त्याला आपण होऊन घालावं लागलं होतं.

चुलीजवळ मेहिटेबलबाई ते पत्र चष्मा लावून पुन्हा वाचत होत्या. त्यांनी मान वर केली.

"आलात का," त्या म्हणाल्या. "एवढा जन्म गेला, पण असं एक पत्र कधी लिहिलंत मला?"

त्यांच्या मांडीवरचं पोर वॉडलींकडे टक लावून बघत होतं.

"हे कोण?" त्याने विचारलं.

"अरे, आजोबा तुझे."

पोराने ठामपणे मान हलवली आणि आजीच्या हातातल्या कागदावर बोट ठेवलं. "आजोबा," ते म्हणालं.

आता तुम्हाला वॉडलींची कणव आली असेल, गुकिनचा संतापही आला असेल. साहजिक आहे. पण तुम्ही तरी वॉडलींना कुठे पाहिलंय? चार पानं वाचलीत आणि माणूस ओळखीचा झाला. हे मूळ आहे की चौथी प्रत, एवढंसुद्धा विचारलं नाहीत.