केटल बेच्या लाल टिकल्या

सगळा दोष नगरपालिकेचा आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे कुणी नोएल बॅगटला चोर म्हणायला नको. नको असलेलं सामान घरासमोरच्या गवतावर आणून ठेवा, ज्याला लागेल तो उचलून नेईल, उरेल ते आमचा ट्रक नेईल, असं दरवर्षी हीच नगरपालिका सांगते. केटल बेची माणसं त्या आठवड्याची नाताळापेक्षा जास्त वाट बघतात. इकडची खुर्ची तिकडे जाते, तिकडचा पंखा इकडे येतो आणि पुढच्या वर्षी दोन्ही पुन्हा गवतावर दिसतात. मग नेमक्या त्याच आठवड्यात, सभागृहासमोरच्या गवतावर, म्हाताऱ्यांसाठी बांधायच्या इमारतीचं सुबक मॉडेल ठेवून "आलेच हं गाडी लावून" असं म्हणत निघून जायची अक्कल कुणाची? असल्या अकलेला पगार मिळतो, आणि तो आपण देतो.

नोएल त्या वाटेने आला तेव्हा मॉडेलच्या एका बाजूला फुटका टीव्ही होता आणि दुसऱ्या बाजूला कुणाची तरी गादी. नोएल निवृत्त प्लंबर. त्याची मोटार बाहेर उन्हात तापत असते, कारण गॅरेजभर त्याने खेळण्यातली आगगाडी मांडलेली आहे. रूळ, बोगदा, स्टेशन, स्टेशनवर बोटाच्या पेराएवढे उतारू. त्या स्टेशनाशेजारी एखादी भारदस्त इमारत हवी, असं त्याच्या मनात कधीचं होतं. आणि इथे इमारत आपण होऊन गवतावर येऊन बसलेली! बाल्कन्या, गच्ची, खाली गाड्या उभ्या करायची जागा, तलाव आणि निळा रंगवलेला समुद्रसुद्धा. त्याने ती उचलून पिकअपमध्ये ठेवली, वाऱ्याने छप्पर उडू नये म्हणून वर ती गादी टाकली आणि शीळ घालत घरी गेला.

आत सभागृहात 'आपलं मत मांडा' अशी सभा भरत होती. दाराशी सॉसेज आणि कांदा भाजला जात होता, कारण सॉसेजशिवाय केटल बेमध्ये कुणी मत द्यायला येत नाही. भिंतीवर एक मोठा फळा. बंद पडलेल्या बोलिंग क्लबच्या जागेवर ही इमारत हवी असेल तर हिरवी टिकली चिकटवा, नको असेल तर लाल. एवढ्यावर माणसांच्या म्हातारपणाचा निकाल.

पहिल्या रांगेत बेरिल पर्किस बसली होती. केटल बे बचाव समितीची अध्यक्ष. (नोएल याच समितीचा नावापुरता चिटणीस.) वय सत्त्याहत्तर, आवाज चाळिशीतला आणि उजवा गुडघा शंभरीतला. खडकात खोदलेल्या समुद्राच्या तलावात ती रोज सकाळी पोहते. या इमारतीची सावली तलावावर पडणार, पाणी थंडगार होणार, हा तिचा मुख्य मुद्दा. बेरिलचं घर टेकडीवर आहे. रस्त्यापासून दारापर्यंत नुसत्या पायऱ्या, आणि त्या ती हल्ली खेकड्यासारखी आडवी उतरते. हे पाहून लीन नावाच्या तिच्या लेकीने आपल्या घरामागे आईसाठी एक खोली बांधून घेतली होती. लीन राहते तिथून समुद्र म्हणजे दिवसभराचा प्रवास. "आई, उन्हाळा संपला की तू इकडे यायचंस. बस्स," असं तिने फोनवर बजावलं होतं. बेरिलने ही गोष्ट कुणालाही सांगितली नव्हती. ती मनातच ठेवून ती सभेला आली होती आणि आल्यावर दोन सॉसेजही खाल्ले होते.

इतक्यात ट्रूडी, म्हणजे नगरपालिकेची ती गाडी लावायला गेलेली पोरगी, पांढरीफटक होऊन आत आली.

"मॉडेल... बाहेरच ठेवलं होतं हो... आता नाहीये!"

बेरिल उठली. "ठेवलं होतं, की लपवलंत?"

"नाही हो मिसेस पर्किस, खरंच..."

"सावली दिसली असती ना त्यात! म्हणून गायब! मंडळी, ज्यांना मॉडेल दाखवायची हिंमत नाही, ते इमारत काय दाखवणार?"

सभागृह दणाणलं. लोक उठून फळ्याकडे धावले. पाहता पाहता फळ्याला गोवर आला. कोस्टा मनोलिसने तर दोन लाल टिकल्या लावल्या, एक स्वतःची आणि एक बायकोची. ती बिचारी केव्हाच देवाघरी गेली होती, पण कोस्टाचं म्हणणं, तिचंही मत हेच पडलं असतं. हा कोस्टा समितीचा खजिनदार. जन्मभर मासे तळून विकले आणि गुडघ्यांऐवजी कंबर घालवून बसला.

गावच्या पेपरात पहिल्या पानावर बेरिलचा फोटो आला. खाली मोठ्या अक्षरांत: 'मॉडेल कुठे आहे?'

तो पेपर दाखवायला बेरिल नोएलच्या गॅरेजात गेली. आगगाडी शिट्टी मारत बोगद्यातून बाहेर आली आणि एका सहामजली इमारतीला वळसा घालून स्टेशनात थांबली.

"नोएल, हे काय आहे?"

"झकास आहे ना? गवतावर मिळालं."

"कुठल्या गवतावर?"

"सभागृहासमोरच्या. लोक काय काय टाकून देतात बघ. साधा ओरखडासुद्धा नाही."

बेरिल उपड्या बादलीवर बसली. "गाढवा, ते मॉडेल आहे! ज्याच्यासाठी मी घसा फोडला, ते."

"अगं, पण तू तर म्हणालीस नगरपालिकेने लपवलंय."

"म्हणाले ना! पेपरातही आलंय ना!"

"मग परत देऊ या."

"देऊ या की! समितीची अध्यक्ष चोर-चोर ओरडत होती आणि समितीचा चिटणीस माल घरी घेऊन बसला होता, असं छापून येऊ दे उद्या."

नोएलने आगगाडी बंद केली. इमारत दोघांच्या मध्ये उभी. घरात आलेल्या पाहुण्याला हाकलता येत नाही आणि बस म्हणवत नाही, अशी गत. शेवटी बेरिल म्हणाली, "आता आलंच आहे तर सावली तरी बघून घेऊ. बॅटरी आण."

गॅरेजचं दार ओढून घेतलं. नोएलने बॅटरीचा सूर्य केला आणि तो हिवाळ्यातल्या दुपारसारखा तिरपा धरला. इमारतीची सावली लांबली, लांबली आणि गाड्या उभ्या करायच्या जागेवर येऊन थांबली. तलाव उन्हात चकचकीत.

"अजून खाली घे," बेरिल म्हणाली.

"घेतली."

"अजून घे!"

"आता आणखी खाली घेतली तर सूर्य मावळेल, बेरिल."

 मग बेरिलने छप्पर जरा उचकटून पाहिलं. ते निघालं. त्याखालचे मजलेही जेवणाच्या डब्याच्या पुडांसारखे एकेक निघत गेले. आत लिफ्ट होती, रुंद दारं होती, न्हाणीघरात धरायला कड्या होत्या. पहिल्या मजल्यावरच्या कोपऱ्याच्या फ्लॅटची खिडकी थेट तलावावर उघडत होती. बेरिलने त्या फ्लॅटच्या दारात बोट ठेवलं आणि ते हळूहळू चालवत नेलं: बोळातून लिफ्टमध्ये, लिफ्टमधून फाटकात, फाटकातून तलावाच्या काठाशी. बोटाला कुठे पायरी लागली नाही. तिने बोट परत नेलं आणि पुन्हा एकदा चालवून पाहिलं. मग स्टेशनवरची लाल टोपी घातलेली एक बाई उचलली आणि त्या खिडकीत उभी केली.

"ती कोण?" नोएलने विचारलं.

"कुणी नाही. माप बघतेय."

नोएलने ही गोष्ट अगदी पोटात ठेवली, म्हणजे कोस्टा भेटेपर्यंत. कोस्टा तळलेल्या माशांचा पुडा घेऊन आला.

"मी नुसता बघायला आलोय हं. विरोधक म्हणून. शत्रूची माहिती असलेली बरी."

शत्रूची माहिती घेता घेता त्याने तळमजल्यावरचं स्वयंपाकघर खिडकीला डोळा लावून तपासलं. धूर कुठून जातो, खिडकीखाली टोमॅटोचा वाफा बसेल का, विचारून घेतलं. जाताना जाड्या स्टेशनमास्तराला उचलून तिथे उभं केलं. "विसरू नये म्हणून," तो म्हणाला.

मग एकेक जण येऊ लागला. कुणी गोड पावासारखे स्कोन घेऊन, कुणी लिंबं घेऊन, सगळे मागच्या दाराने. नोएलने स्वतःही तिसऱ्या मजल्यावर तिकीट तपासनीस नेऊन ठेवला, रूळ मांडायला तिथे जास्तीची खोली होती. हळूहळू स्टेशन ओस पडलं. गाडी यायची, थांबायची, कुणी चढत नव्हतं, कुणी उतरत नव्हतं. सगळे उतारू इमारतीत राहायला गेले होते.

शेवटी, बेरिल आणि कोस्टा दोघंही गॅरेजात असताना, रोमा व्हिटल आली. बेरिलबरोबर तलावात पोहणारी आणि बेरिलच्या पुढे जाते असं सगळ्यांना सांगत फिरणारी. तिने आत येताच कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"ही लाल टोपीवाली कोण? हा फ्लॅट मला हवाय."

"तो गेला," बेरिल म्हणाली.

"गेला म्हणजे? तू तर विरोधात आहेस!"

"तूही आहेस."

"मी जरा कमी विरोधात आहे. माझी टिकली फिक्कट होती."

"टिकली लावताना फोटो काढून घेतलास की गं! दात काढून!"

"वर राहा ना मग तू, सहाव्या मजल्यावर. तुला वरून बोलायची सवय आहेच."

रोमाने लाल टोपीवालीला उचलायला हात घातला, बेरिलने तो धरला, आणि तेवढ्यात गॅरेजच्या दारावर थाप पडली. पोलीस!

कोस्टाने कुठून कोण जाणे टेबलक्लॉथ आणला आणि अख्ख्या इमारतीवर टाकला. रोमाने त्यावर चहाची किटली ठेवली. आत आलेला शिपाई तरुण होता आणि भलता सभ्य. हरवलेल्या मॉडेलची चौकशी करायला आला होता, कारण गवतावरचं सामान उचलण्यात नोएलचा हात कुणी धरू शकत नाही, हे चौकीलाही ठाऊक होतं. त्याने चहा घेतला आणि कप सरळ सहाव्या मजल्यावर ठेवला. खालून 'कट्' असा आवाज आला.

"टेबल जरा डगमगतंय."

"जुनं आहे," कोस्टा म्हणाला. "आमच्यासारखंच."

"तुम्हाला मॉडेलबद्दल काही कळलं का?"

चौघांनी चार दिशांना पाहिलं.

"नाही? बरं," शिपाई उठता उठता म्हणाला. "कळलं तर सांगा हं. नगरपालिकेचं जाऊ द्या, माझी आई रोज विचारते. आतले फ्लॅट कसे आहेत, तिला बघायचंय."

तो गेला.  रोमाने कप उचलला, टेबलक्लॉथ काढला आणि वाकलेली बाल्कनी बोटाने सरळ केली.

"बास झालं," बेरिल म्हणाली. "नगरपालिकेच्या बैठकीत मी उभी राहून सगळं सांगणार. मॉडेल आमच्याकडे आहे, सावली पडत नाही आणि इमारत आम्हाला हवीय."

"वेडी आहेस का? तुझी अब्रू जाईल," नोएल म्हणाला. "पेपरवाले सोलून काढतील तुला."

"जाऊ दे. अब्रू घेऊन पायऱ्या चढता येत नाहीत."

रोमाने लाल टोपीवालीला खिडकीत नीट उभं केलं. मग हळूच म्हणाली, "कोपऱ्याचा घे तू. मला शेजारचा चालेल."

बैठकीच्या सकाळी लीनचा फोन आला. "आई, खोलीला पडदे कुठल्या रंगाचे लावू?"

"थांब. आजच्या दिवस काही लावू नकोस."

नगरपालिकेच्या दालनात सगळं केटल बे लोटलं होतं. मॉडेल नोएलच्या पिकअपमध्ये बाहेर उभं होतं, या खेपेला गादी न टाकता. बेरिल पहिल्या रांगेत हाताची बोटं मोडत बसली होती. बोलायचं ते तिने तोंडपाठ केलं होतं. पण तिची पाळी यायच्या आधीच नगराध्यक्ष उठले. दाढी गुळगुळीत, हसू त्याहून गुळगुळीत.

"मित्रहो, आम्ही तुमचा आवाज ऐकला! केटल बेने एकमुखाने 'नको' म्हटलं, आणि आम्ही त्याचा मान राखतो. ही इमारत कायमची रद्द. त्या जागेवर पर्यटकांच्या गाड्या उभ्या राहतील!"

मागे टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेत कोस्टाचे हात टाळीसाठी वर गेले होते ते तसेच राहिले. रोमाने डोळे मिटून घेतले. नोएल खाली बघत होता.

"आणि या लढ्याचं सगळं श्रेय जिचं," नगराध्यक्षांनी फुलांचा गुच्छ पुढे केला, "ती आपली बेरिल! बेरिल, दोन शब्द बोल."

बेरिल उठली. गुडघा सांभाळत मंचाची पायरी चढली. गुच्छ तिने घेतलाच नाही. माईक घेतला.

"मॉडेल आम्ही नेलं. ते बाहेर गाडीत आहे. त्याची सावली तलावावर पडत नाही, मी स्वतः पाहिलंय. मी चुकले होते."

दालनात कुजबुज सुरू झाली. नगराध्यक्ष हसतच राहिले. "अगं, आता त्याची काहीच गरज नाही! निर्णय झाला. आम्ही तुमचं ऐकलं."

"ऐकलंत?"

"एकूण एक टिकली मोजली!"

"बसथांब्याला छप्पर मागता मागता आमचे केस पिकले," बेरिल म्हणाली. "ते ऐकलं नाहीत. तलावाला कठडा मागितला, तेव्हा तुमच्या कानात वारा शिरला होता. किनाऱ्यावरच्या शौचालयाला आतून कडी मागितली. साधी कडी हो! तीन नगराध्यक्ष येऊन गेले, बायका अजून एका हाताने दार धरून बसतात." तिचा आवाज चढत गेला, आणि मागच्या टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. "उभ्या जन्मात आमचं एक अक्षर कानावर घेतलं नाहीत. मग नेमकं याच वेळी, आम्ही साफ चुकत असताना, आमचं ऐकायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? खाली बसू नका. मला उत्तर द्या."