केशवरावांचं काळं आभाळ

केशवराव बोलता बोलता मध्येच खिशातून रंगीत काचेचा तुकडा काढत, डोळ्याला लावत आणि तुमच्या डोक्यावरून आभाळाकडे बघत. तुम्ही पाण्याच्या नळाबद्दल सांगत असा नाहीतर घरातल्या आजारपणाबद्दल, काच वर गेली की तुमचं म्हणणं संपलं. "पिवळ्यात फिकं पडतंय," एवढं पुटपुटून ते चालू लागत. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी रागाने तीन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

गिरगावातल्या आमच्या चाळीत ते समोरच्या खोलीत राहत. फोर्टातल्या एका विमा कंपनीत कारकून. घरात ते आणि तारावहिनी, दोघंच. वहिनींची नजर दोन वर्षांपासून अधू होत चालली होती. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "वर्षभर जे दिसेल ते दिसेल. पुढचं काही धरून चालू नका." अशा वेळी माणूस हातपाय गाळून घरात बसतो. केशवरावांना बसताच येत नसे. पाच मिनिटं टेकले की उठत, गॅलरीत येत, जिना उतरत, काहीतरी आठवल्यासारखं पुन्हा वर येत. आणि सुट्टीच्या दिवशी गळ्यात डबा कॅमेरा अडकवून थेट चौपाटीवर.

फोटो फक्त आभाळाचे, समुद्राचे, मलबार हिलवरच्या झाडांचे. चौकटीत कोणी माणूस आला की खेकसत, "बाजूला व्हा! माणसं हलतात!"

"ढग हलत नाहीत वाटतं?" मी एकदा विचारलं.

"हलतात. पण भांग पाडत बसत नाहीत."

त्यांचं दुखणं असं होतं की काळ्यापांढऱ्या फोटोत निळं आभाळ पांढरं येतं आणि त्यात पांढरा ढग हरवून जातो. कॅमेऱ्यापुढे पिवळी काच धरली तर आभाळ थोडं गडद होतं. लाल धरली तर काळंभोर होतं आणि ढग उठून दिसतो. विलायती काचा फोर्टातल्या दुकानात मिळत, पण किंमत ऐकल्यावर केशवरावांनी दुकानदाराला हात जोडले आणि बाहेर पडले. मग गोळ्यांवरचा पिवळा कागद झाला, कोणाच्या तरी देवघराच्या खिडकीची फुटकी काच झाली. शेवटी चोरबाजारातून रेल्वेच्या जुन्या कंदिलाची लाल काच आली. ती कॅमेऱ्याला बसेना, म्हणून तंबाखूच्या डबीचं बूड कापून तिच्यात बसवली. त्या दिवशी त्यांनी चाळीत पेढे वाटले.

पहिला रोल धुऊन आला तो कोराच. स्टुडिओवाला कपाळाला हात लावून म्हणाला, "अहो, ही स्वस्तातली जुनी फिल्म. हिला लाल रंग दिसतच नाही. लाल काचेतून हिला काय डोंबल दिसणार?"

दुसरा कोणी असता तर त्याने नाद सोडला असता. केशवराव म्हणाले, "मग दिसणारी द्या."

त्या दिवसांत गिरगावच्या तोंडी एकच वाक्य होतं, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. सभा, मोर्चे, हरताळ. अश्रुधुराच्या भीतीने आम्ही ओला रुमाल घेऊनच बाहेर पडायचो. केशवरावही मोर्चात यायचे, घसा फोडून घोषणा द्यायचे, पण नजर वर. एका दुपारी मोर्चा चौपाटीजवळ पोचला, समुद्रावर ढगांची रास लागली होती, आणि केशवराव रांग सोडून वाळूत धावले. कॅमेरा रोखला. मोर्चातल्या लोकांना वाटलं, हा पोलिसांचा माणूस, आमचे चेहरे टिपतोय. पोलिसांना वाटलं, हा लाल काच दाखवून मोर्चाला इशारे देतोय. दोन्हीकडून माणसं धावली. लालबागच्या एका गिरणी कामगाराने त्यांची कॉलरच धरली. "कोणाचे फोटो काढतंस रे?"

"ढगांचे!" केशवराव ओरडले. "आभाळ काळं झालंच पाहिजे!"

क्षणभर कोणाला काही कळेना. मग कामगार हसला, हवालदारही हसला. मी मात्र भडकलो. त्यांना बाजूला ओढून म्हणालो, "लाज वाटते का? इथे माणसं जिवावर उदार झालीत आणि तुम्हाला ढग सुचतायत!"

त्यांना धाप लागली होती. "मधू, हिची नजर जायला सात-आठ महिनेच उरलेत रे. साधा फोटो दिला तर तिला कोरा कागद दिसतो. काळ्यावर पांढरं असलं तर अजून दिसतं तिला. लग्नानंतर आम्ही रोज इथे बसायचो, ढग बघत. ते एकदा तिला दाखवायचेत."

मी त्यांची टोपी वाळूतून उचलून दिली.

तो फोटो उत्तम आला. वहिनींनी खिडकीशी जाऊन तो डोळ्यांजवळ धरला. "छान आलेत हो ढग," त्या म्हणाल्या. मग फोटो खाली घेत, "पण ढग मला आठवतात. तुमचा चेहराच पुसट व्हायला लागलाय. तुमचा एखादा आहे का?"

नव्हता. एकही नव्हता.

रविवारी सकाळी आम्ही गॅलरीत काळी घोंगडी टांगली आणि तिच्यासमोर त्यांना बसवलं. "लाल काच राहू दे," ते म्हणाले, "तोंड पिठात बुडवल्यासारखं येईल, तेच हवंय." लाल काचेमुळे शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागे, आणि हा माणूस काही केल्या स्थिर बसेना. चार फोटो वाया गेले. पाचव्याला वहिनींनी दारातून नुसतं "अहो" म्हटलं, आणि ते गप्प बसले.

फोटो आला तेव्हा वहिनी खिडकीशी बराच वेळ उभ्या होत्या. कागद नाकाला टेकला होता. केशवराव कॉटच्या कडेवर बसले होते, आणि मला वाटलं, आता हा माणूस उठून पळणार.

"मिशी एका बाजूने जास्त कापलीत," वहिनी म्हणाल्या. "असेच जाता हापिसात?"

मी केशवरावांकडे पाहिलं. खरंच, मिशी वाकडी होती. मी त्यांना रोज बघत होतो, सगळी चाळ बघत होती.

"बरेच महिने असाच जातोय," केशवराव म्हणाले. "सांगणारं कोण होतं गं?"