पॅकेजमधला प्रातर्विधी

माणसाच्या घरी सगळ्या सोयी झाल्या की त्याला निसर्गाची ओढ लागते, आणि निसर्गात सोयी सापडल्या की त्याला फसवल्यासारखं वाटतं. हे मूलभूत सत्य जामखेड तालुक्यातल्या कानिफनाथने ओळखलं आणि गावच्या तलावाकाठी तंबू ठोकले. वीज नाही, पंखा नाही, संडास तर मुद्दामच नाही. (जाहिरातीत याला 'आदिम अनुभव' म्हटलं होतं.)

अडचण एकच होती: कानिफनाथची आत्या, आक्काबाई. ती गावच्या गुड मॉर्निंग पथकाची प्रमुख. उघड्यावर बसणाऱ्याला शिट्टी फुंकून उठवणं आणि फूल देऊन सन्मानपूर्वक लाजवणं, हे पथकाचं कार्य. गाव हागणदारीमुक्त झालं तसं पथक बेकार झालं, आणि आक्काबाई मनातून झुरू लागली.

एका शनिवारी पुण्याहून रविराज आणि त्याची बायको अश्विनी मुक्कामाला आले. सकाळी दिवस उगवता रविराज पाण्याची बाटली घेऊन घाणेरीच्या झुडपाआड निसर्गाशी एकरूप व्हायला बसला. शिट्टी वाजली.

"मावशी, हे पॅकेजमध्ये आहे!" तो बसल्या जागेवरून ओरडला.

"पॅकेज तुमच्या पुन्यात. हितं न्हाई. उठा!"

"आत्ता कसं उठू?"

"गावातल्या म्हाताऱ्या उठल्या. तुमी तर तरनेताठे हाय!"

गुलाब नव्हता म्हणून तिनं झेंडू दिला (नियमात फक्त 'फूल' एवढंच आहे) आणि त्याला तसाच घरी नेऊन आपल्या संडासात घातला. पांढरी फरशी, नळाला पाणी, आतून कडी. रविराज बऱ्याच वेळाने बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे पाणावले होते. तंबूत जाऊन त्याने अश्विनीच्या कानात काही सांगितलं. ती पळतच आली. तिच्यामागून बाकीचे तंबू.

तेव्हापासून आक्काबाईच्या दारात रोज रांग. पाहुण्यांचं समाधान शंभर टक्के. (ज्यांचं उरकलं नाही, त्यांनी मत नोंदवलेलं नाही.)

"आत्या, धंद्याला लई बरकत आली," कानिफनाथ म्हणाला.

"व्हय. पर माजा नंबर कवा?"

एका सकाळी तो लागलाच नाही. रांगेतले सगळे सुशिक्षित, त्यामुळे कुणी सरकेना. शेवटी आक्काबाईनं डबा भरला, पदर डोक्यावरून ओढला आणि तलावाकडे निघाली.

तिथं गार वारा होता, पाण्यावर बगळे होते, माणूस एकही नव्हता. इतकं निवांत तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. हे तिनं गावात कुणाला सांगितलेलं नाही; तुम्हीही सांगू नका. तुम्ही मनातल्या मनात सुट्ट्या मोजताय, ते दिसतंय. जरूर या. फक्त घरून उरकून या.