नूडलचं वजन

शैलाकाकूंच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही, आणि हॉलमधल्या छोट्या फ्रीजरमध्ये गोठवलेले उंदीर असतात. ते नूडलसाठी. नूडल हा बॉल पायथन, म्हणजे अजगरच, पण जेमतेम साडेतीन फुटी. त्यांच्या मुलानं, केदारनं, रीतसर परवाना काढून पाळलेला. नोकरीसाठी नेदरलँड्सला जाताना केदार म्हणाला, "आई, एकच महिना सांभाळ." त्याला आता तीन वर्षं झाली.

इथे आखातात, अल मजाजला, मी त्यांच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहते. काकूंचा हात सढळ. "अर्धीच घे" म्हणत दोन पोळ्या वाढतात. एसी दुरुस्त करायला आलेला माणूस लाडू खाल्ल्याशिवाय सुटत नाही. पंधरा दिवसांनी एक उंदीर, हे केदारचं वेळापत्रक त्यांना क्रूर वाटलं. दर पाच दिवसांनी त्या कोमट पाण्यात उंदीर वितळवायच्या, नाकाला ओढणी लावून चिमट्यानं पुढे धरायच्या आणि म्हणायच्या, "पोटभर खा रे बाबा."

वर्षभरात नूडलच्या अंगाला वळ्या पडल्या. मूळच्या लेबनॉनच्या व्हेटबाईंनी काकूंचा हात धरून त्याच्या पाठीवरून फिरवला. साप निरोगी असेल तर पाठीचा कणा हाताला किंचित उंच लागतो. नूडलची पाठ लोडासारखी गोल.

"मदाम, धिस इज स्नेक. नॉट युअर सन," बाई म्हणाल्या. "थ्री वीक्स, वन रॅट. खलास."

काकूंनी मनावर घेतलं. दर रविवारी त्याला डब्यात घालून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवू लागल्या. काका दूर रुवैसला तेलकंपनीत नोकरीला, पंधरा दिवसांनी घरी येतात. "आता या घरात नूडलपेक्षा काका जास्त वेळा जेवतात," काकू म्हणायच्या.

नूडल योग्य वजनावर आला. मग यंदाच्या हिवाळ्यात त्यानं खाणंच सोडलं. दोन महिने झाले. व्हेटबाई म्हणाल्या, थंडीत असं होतं; वजन उतरत नाही ना, मग उंदीर ठेवा आणि बाजूला व्हा. केदार फोनवर म्हणाला, "आई, चिल. स्नेक्स डू दॅट." काकूंना बाजूला होणं जमेना. तासन् तास त्या त्याच्या काचेच्या पेटीसमोर बसायच्या.

एका दुपारी मी दार उघडलं तर काकू बाहेर, जिन्याच्या पायरीवर. मांडीवर वरणभाताचं ताट.

"कुणी बघत असलं की तो खात नाही म्हणे," त्या म्हणाल्या. "काचेवर चादर टाकून आलेय."

मी शेजारी बसले. त्यांनी भात कालवला, पण घास घेतला नाही.

"केदार खोलीचं दार लावून जेवायचा," त्या म्हणाल्या. "मी दर पाच मिनिटांनी दार वाजवायचे. अजून काही हवंय का, म्हणून. फार वाजवलं बहुतेक."

अर्ध्या तासानं आम्ही आत गेलो. काकूंनी चादरीचं टोक जरासं उचललं. उंदीर नव्हता. नूडल कोपऱ्यात वेटोळं करून बसला होता. काकूंनी चादर पुन्हा होती तशी सारखी केली, ओठांवर बोट ठेवलं, आणि आम्ही पाय न वाजवता बाहेर आलो.