अस्वलशेठची वही आणि टिटवीची चार अंडी

एका जंगलात, मुलांनो, सगळे सगळ्यांना ओळखायचे. इतके, की एकाच्या पोटात दुखायच्या आत दुसऱ्याच्या तोंडी त्याची बातमी असायची. याला मोठी माणसं आपुलकी म्हणतात. तुम्हीही म्हणा. मार्क मिळतात.

तिथे अस्वलशेठचं दुकान होतं. मध, शेंगा, भाजलेले नाकतोडे, सगळं मिळायचं. एकदा शेठने फळीवर एक जाडजूड वही ठेवली. वहीत रकाने होते. नाव. घर नेमकं कुठे. घरात किती जण. घरी कोणी नसण्याची वेळ. सवयी.

"वहीत लिहा, मधाचं एक बोट फुकट चाटा," शेठ म्हणाला.

रांग लागली. हरणाने लिहिलं, सशाने लिहिलं. माकडाने तीनदा लिहिलं.

टिटवी मात्र अडली. ती तरुण होती आणि तिने नुकतीच चार अंडी घातली होती. टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या माळावर, खड्यांत अंडी घालते. अंडी खड्यांसारखीच दिसतात. ना भिंत, ना दार, ना कुंपण. ती कुठे आहेत हे कुणाला ठाऊक नसणं, एवढाच त्यांचा बंदोबस्त.

"शेठ, नाकतोडे द्यायला माझ्या घराचा पत्ता कशाला?"

"घरपोच देता येतील ना, ताई."

"मी दुकानात उभी आहे."

"पुढच्या वेळी."

"आणि मी घरी कधी नसते, ते?"

"खेप वाया जायला नको."

"ही वही बघतं कोण?"

"कोण बघणार? इथे फळीवर उघडीच तर असते!"

मागे कासवआबा उभे होते. ते जंगलातले सर्वांत ज्येष्ठ, म्हणून प्रत्येक सभेचे अध्यक्ष.

"पोरी, चांगल्या घरच्यांना काय लपवायचंय? दीडशे वर्षं मी सगळ्यांना सगळं सांगत आलो. माझं काय वाकडं झालं?"

"आबा, तुमचं घर तुमच्या पाठीवर आहे. कुणी आलं की तुम्ही आत जाता. माझी अंडी कुठे जातील?"

"मोठ्यांना उलट बोलू नये," आबा म्हणाले. हा त्यांचा सर्वांत जुना मुद्दा होता आणि एकमेवही.

टिटवी नाकतोडे न घेताच निघून गेली.

आबांना वाईट वाटलं. पोर अडाणीपणाने फुकटच्या मधाला मुकली! अंडी घातल्यावर ती त्यांच्या पाया पडायला गेली होती, तेव्हा त्यांनी खोदून खोदून सगळं विचारून घेतलं होतं. आता तेच त्यांनी वहीत सुवाच्य अक्षरात उतरवलं. मग तिच्या वाटणीचं बोट स्वतःच चाटलं.

वही भरली. शेठने नवी आणली. जुनीचं काय करायचं? शेठ काटकसरी. तिचं एकेक पान फाडून तो पुड्या बांधू लागला.

हसू नका, मुलांनो. भेळ खाऊन झाली की कागद उलटून बघा. कुणाच्या तरी रक्ततपासणीचा असेल.

टिटवीचं पान घोरपडीच्या नाकतोड्यांना आलं. नाकतोडे संपले. घोरपडीने पान वाचलं. वाचनाने प्रगती होते म्हणतात, तशी ती लगेच झाली.

दुसऱ्या दिवशी टिटवी पाण्यावरून परतली, तर घोरपड माळावर कागद धरून उभी. "बाभळीपासून बारा पावलं... मग पांढरा दगड..."

टिटवीने ओरडून माळ डोक्यावर घेतला. कुणी आलं नाही. मग तिने शेवटची युक्ती केली. एक पंख मोडल्यासारखा लोंबवला आणि लंगडत लंगडत दूर जाऊ लागली. एरवी शिकारी तिच्यामागे धावायचे आणि अंडी वाचायची.

घोरपड जागची हलली नाही.

"दमू नकोस, बाई. इथे 'सवयी'त लिहिलंय. संकटात पंख मोडल्याचं सोंग घेते. पोर हुशार आहे."

मग तिने चारही अंडी खाल्ली. पाचवं शोधत बसली नाही, कारण कागदावर चारच लिहिली होती. माहिती अचूक असली की सगळ्यांचाच वेळ वाचतो.

सभा भरली. घोरपड माळावर सोडून गेलेलं ते पान टिटवीने आबांपुढे टाकलं. "हे अक्षर कुणाचं?"

आबांनी पान लांब धरून पाहिलं. "वळणदार आहे."

"आबा!"

"अगं, भावना चांगली होती माझी."

"आणि मी पान कुणाला विकलं नाही," शेठ म्हणाला. "नुसतं गुंडाळलं."

"उघड्यावर अंडी घालायची आणि वर आम्हालाच जाब विचारायचा!" आबा उसळले. "आमच्या वेळच्या टिटव्या अशा नव्हत्या."

सभेने माना डोलावल्या. असं पुन्हा घडू नये म्हणून एक कडक निर्णय झाला. नवी वही करायची. तक्रारींची. शेठने ती तिथेच उघडली.

"लिही, ताई. आता अंडी कधी घालणार, कुठे, किती. म्हणजे आम्हाला लक्ष ठेवता येईल."

टिटवीने वहीकडे पाठ फिरवली. ती उडाली आणि माळ ओलांडून निघून गेली. आबांनी तिच्या नावापुढे लिहिलं, "पत्ता कळवलेला नाही. उद्धट."

ती आता कुठे राहते? मला ठाऊक आहे. सांगणार नाही.

तात्पर्य : मुलांनो, कुणी विचारलं की लगेच सगळं सांगून टाकावं. न सांगणाऱ्याची अंडी खाल्ली जातात, तशी सांगणाऱ्याचीही खाल्ली जातात. पण सांगणाऱ्याला आधी मधाचं एक बोट मिळतं.