पहिल्या शिवीपर्यंत अकरा सेकंद

आमच्या सोसायटीत पार्किंगवरून भांडण जुंपलं की काही लोक मधे पडतात, काही गॅलरीतून बघतात, आणि डॉ. पेडणेकर खिशातून स्टॉपवॉच काढतात.

गेल्या वर्षी माझ्या गाडीमागे कुणीतरी स्कूटर लावून ठेवली होती. मालक खाली आला. मी आवाज चढवला, त्याने चढवला, आणि पुढे मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही. दमून वळलो तर शेजारी डॉक्टर उभे. हातात वही.

"पहिल्या शिवीपर्यंत अकरा सेकंद," ते समाधानाने म्हणाले. "मागच्या खेपेला सात होते. सुधारताय, देशमुख."

डॉक्टर औषधं देणारे नव्हेत. एका संशोधन संस्थेत त्यांनी उभं आयुष्य उंदरांची भांडणं बघण्यात घालवलं. एका उंदराला पिंजऱ्यात रुळू द्यायचं, मग तिथे परका उंदीर सोडायचा आणि पहिला चावा किती सेकंदांनी पडतो ते मोजायचं. निवृत्त होऊन ते सीवूड्सला राहायला आले आणि पाहतात तो काय, चार विंगा, निम्म्या गाड्यांनाच जागा, आणि दर महिन्याला नवा भाडेकरू. "प्रयोगशाळेत एवढी सोय नव्हती," ते मला म्हणाले होते.

आक्रमणाच्या त्यांनी पाच पायऱ्या केल्या होत्या. टक लावून बघणं, अंग फुगवणं, आवाज काढणं, खोटा हल्ला आणि खरा हल्ला. उंदीर, कुत्रा, सोसायटीचा सभासद, सगळ्यांना हीच शिडी. माणसासाठी फक्त एक जादा पायरी मधे घातलेली. तिचं नाव, 'मी कोण आहे माहितीये का?'

वहीत 'राग' हा शब्द मात्र चालत नसे. एकदा मी म्हटलं, "तो जोशी फार रागावला होता हो." डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "राग तुम्हांला दिसला? मला मान दिसली. मान पुढे आली होती. दिसतं ते लिहायचं." प्रत्येक नोंदीला एक रकाना असे, 'आधीच्या मिनिटात काय होतं?' त्यांच्या मते सगळं शास्त्र त्या रकान्यात होतं. उरलेला नुसता आरडाओरडा.

हे सगळं मला आवडायचं. त्यांची एक सवय मात्र डोक्यात जायची. माणूस समोरून गेला तर डॉक्टर लोण्यासारखे मऊ. पण बाजूने जाऊन "काय डॉक्टर?" म्हटलं की मान झटक्यात फिरायची आणि "समोरून या!" असा आवाज यायचा. दरबारातला भालदारही इतक्या तोऱ्यात बोलत नसेल. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, होत्या तेव्हा हे प्रकरण इतकं नव्हतं. त्या दोन वर्षांपूर्वी गेल्या आणि डॉक्टर दिवसेंदिवस महाराज होत गेले. मोठ्या संस्थेत मोठ्या खुर्चीवर बसल्याची ही खोड, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

मग लालीचं प्रकरण झालं.

लाली ही आमच्या गेटवरची म्हातारी कुत्री. सोसायटीत तिची ज्येष्ठता निम्म्या कमिटीपेक्षा जास्त. एका सकाळी सेक्रेटरी चव्हाण फिरून आत येत असताना तिने त्यांच्या ट्रॅकपँटचा पाय फाडला. चव्हाणांना ओरखडासुद्धा नव्हता, पण पँट नवी होती. त्याच रविवारी पार्किंगमध्ये सभा बोलावली गेली.

"माझं कुत्र्यांशी काही वाकडं नाही," चव्हाण म्हणाले. "पण इथे लहान मुलं आहेत, सीनियर सिटिझन आहेत. गाडीवाल्याशी बोललोय. द्रोणागिरीला गोदामांकडे सोडून येईल. तिकडे तिला मोकळी हवा मिळेल."

"तुम्ही राहाल तिकडे?" मागून डॉक्टरांचा आवाज आला.

"डॉक्टर, टेन्शन देऊ नका. कुत्री माजलीये."

"माज दिसला तुम्हांला? कुठे होता?"

"माझ्या पँटला होता!"

सगळे हसले. डॉक्टर हसले नाहीत. "असं उचलून सोडणं कायद्यात बसत नाही," ते म्हणाले.

"कायदा चावत नाही ना!"

वॉचमन म्हात्रे इथल्याच जुन्या गावातले. ते खांबाआडून पुटपुटले, "सायब, ती कोनाला काय करत नाय. गरीब हाय." पण वॉचमनचं मत मिनिट्समध्ये येत नाही.

"मला दहा दिवस द्या," डॉक्टर म्हणाले.

"दहा दिवसांत काय करणार? समुपदेशन?"

"बघणार."

आणि ते बघत बसले. सकाळी सहाला घडीची खुर्ची गेटपाशी लागायची ती दिवेलागणीला उचलली जायची. जेवणाचा डबा तिथेच. पंचाहत्तरीच्या माणसाने उन्हात बसू नये असं मी सांगायला गेलो, तर "समोरून या!" ऐकून परत आलो. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाची नोंद होत होती. चव्हाण जाता-येता विचारायचे, "काय म्हणते तुमची पेशंट?" डॉक्टर त्यांचीही वेळ लिहून घ्यायचे.

दहाव्या दिवशी पुन्हा सभा भरली. डॉक्टरांनी पुठ्ठ्यावर एक मोठं वर्तुळ काढून आणलं होतं. मधे लाली, आणि लोक जिथून आले तिथे टिंबं. ती गुरगुरली तिथे लाल टिंब. सगळी लाल टिंबं वर्तुळाच्या डाव्या अंगाला गोळा झाली होती. उजवीकडे एकही नव्हतं.

"डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे," डॉक्टर म्हणाले. "त्या बाजूने आलेला माणूस तिला दिसत नाही. तो एकदम अंगाशी उगवतो. ती दचकते, आणि दचकलेल्या जनावराला पायऱ्या चढायला वेळ नसतो. चव्हाण, उजवीकडून या."

"कोण, मी?"

"पँट तुमचीच होती."

सगळ्या सोसायटीदेखत चव्हाण उजवीकडून गेले. युद्धावर निघाल्यासारखे गेले. लालीने त्यांना नीट पाहिलं, उठली, शेपूट हलवली आणि त्यांच्या बुटावर हनुवटी टेकून झोपली. चव्हाणांना पुढची दहा मिनिटं पाय हलवता आला नाही आणि ठराव त्याच अवस्थेत मंजूर झाला. लाली इथेच राहील. तिच्याजवळ उजवीकडून यावं. डावीकडून यायचं असेल तर आधी हाक मारावी.

गेटवर लावायची पाटी लिहायचं काम माझ्याकडे आलं, म्हणून डॉक्टरांनी वही दिली. घरी बसून मी पानं उलटत होतो. मी होतो, चव्हाण होते, जोशींची मान होती. शेवटच्या पानांवर मात्र एकाच प्राण्याच्या नोंदी होत्या. 'बी-५०४. वृद्ध नर.'

बी-५०४ हा डॉक्टरांचा फ्लॅट.

'डावीकडून देशमुख. मान झटक्यात वळली. आवाज. पायरी तीन.' 'डावीकडून दूधवाला. पायरी तीन.' 'डावीकडून पुन्हा देशमुख. मोठा आवाज. ते परत गेले.' दोन वर्षांच्या अशा नोंदी, नेहमीच्या त्याच नेटक्या अक्षरात. आणि 'आधीच्या मिनिटात काय होतं?' या रकान्यात प्रत्येक ओळीला एकच उत्तर.

'डावीकडे कोणी नव्हतं.'

मी वही मिटली. मला काकू आठवल्या. दोघं संध्याकाळी खाडीकडे फिरायला निघायचे तेव्हा त्या कायम त्यांच्या डाव्या हाताला असायच्या. लिफ्टमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये, सभेत, ती जागा त्यांनी कधी कुणाला दिली नाही. कुणी जवळ आलं की त्या डॉक्टरांच्या कोपराला बोट लावायच्या आणि डॉक्टर हसतमुखाने वळायचे. मला वाटायचं, जुन्या वळणाची बाई आहे. डॉक्टरांना डाव्या कानाने ऐकू येत नाही हे शेजारी राहून मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. काकूंनी कळू दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर गेटपाशी बसले होते. आता बसायचं काही कारण नव्हतं, तरी बसले होते. लाली त्यांच्या पायाशी. मी दहा पावलांवरून हाक मारली, "डॉक्टर, मी देशमुख. डावीकडून येतोय."

त्यांनी सावकाश मान वळवली. माझ्या हातातल्या वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी दुसरी खुर्ची उघडली आणि त्यांच्या डाव्या बाजूला बसलो.

थोड्या वेळाने म्हात्रे चहा घेऊन त्या बाजूने आले. मी डॉक्टरांच्या कोपराला बोट लावलं. ते क्षणभर अगदी स्तब्ध झाले. मग वळून म्हणाले, "या म्हात्रे, बसा."

चहा झाल्यावर त्यांनी वही मागून घेतली, शेवटचं पान उघडलं, पेन्सिल टेकवली आणि काही न लिहिता वही मिटली.

"नोंद नाही करायची?" मी विचारलं.

"कशाची?" डॉक्टर म्हणाले. "काही घडलंच नाही."