झाकणाचा धबधबा

तोकुझोने बायकोच्या भाताच्या हंड्याचे लाकडी झाकण धबधब्यात घालवले, ते साकेपायी, म्हणजे तांदळाच्या दारूपायी. डॉक्टरांनी त्याची साके बंद केली होती आणि बायकोने, इसोएने, डॉक्टरांपेक्षा जास्त कडकपणे. त्यामुळे ऑगस्टातल्या त्या उकाड्याच्या दुपारी तोकुझो आणि त्याचा मित्र कांजी सात धबधब्यांच्या घळीत जाऊन बसले होते. सहाव्या धबधब्याखालच्या डोहात दोघांनी पाय सोडले. मधे पाण्यावर झाकण तरंगत होते आणि झाकणावर बाटली न् दोन पेले. एकाने घोट घ्यायचा आणि झाकण दुसऱ्याकडे ढकलायचे, असा बेत होता. साके गार राहत होती आणि म्हातारे खूश होते.

तिसऱ्या फेरीला कांजीने जरा जोरात ढकलले.

"तोकुझो, झाकण चाललं बघ."

"धर की मग!"

"मी कसा धरू? तुझ्या बाजूला गेलंय."

तोकुझो उठेपर्यंत झाकण धारेला लागले, एकदा गर्रकन फिरले आणि सातव्या धबधब्यावरून खाली दिसेनासे झाले.

"गेलं," कांजी म्हणाला.

"झाकण नाही रे, मी गेलो," तोकुझो म्हणाला.

त्याचे बरोबर होते. ते झाकण इसोएने शेहेचाळीस वर्षांपूर्वी माहेराहून आणले होते. त्याखाली तिच्या आईने जन्मभर भात शिजवला होता. दिसायला त्यात काही नव्हते. एका कडेला इस्त्री टेकवल्याचा काळा डाग होता, आणि एकदा फळी सुटली तेव्हा तोकुझोने ठोकलेले दोन खिळे होते, दोन्ही वाकडे. पण मुलाने पाठवलेला विजेचा कुकर इसोएने कोपऱ्यात झाकून ठेवला होता. भात शिजायचा तो त्याच हंड्यात, त्याच झाकणाखाली.

"अहो, माझं झाकण कुठाय?" संध्याकाळी इसोएने विचारले.

"माकडाने नेलं."

आमच्या हिनोसावात हे सहज खपण्यासारखे होते. माकडांनी मुळे नेले होते, परसातली फळे नेली होती, एकदा तर पोस्टातल्या कारकुनाचा डबा रुमालासकट नेला होता.

"माकडाला झाकण कशाला हवंय?"

"मला काय विचारतेस? माकडाला विचार."

इसोएने ते मनावर घेतले. दुसऱ्या दिवसापासून ती हातात बांबू घेऊन माकडांना विचारू लागली.

ते प्रकरण तिथेच मिटले असते, पण तोकुझो पोस्टातून निवृत्त झाल्यापासून घळीत हौसेने वाटाड्याचे काम करीत असे. दंडाला पट्टी, हातात छोटे निशाण. पहिल्या सहा धबधब्यांना नावे होती, कथा होत्या. सातव्याला काहीच नव्हते. तिथे पोचल्यावर तो एवढेच सांगायचा, "हा सातवा. स्वच्छतागृह डाव्या हाताला."

झाकण गेल्याच्या तिसऱ्या दिवशी शहरातून बायकांची बस आली. बेचाळीस बायका. त्यातल्या जांभळ्या टोपीवालीने सातव्यापाशी विचारले, "आजोबा, ह्याचं नाव काय हो?"

तोकुझोचे डोळे पाण्यावर होते. दोन रात्री त्याला झोप नव्हती.

"झाकणाचा धबधबा," तो बोलून गेला.

"झाकणाचा? ते का बरं?"

बेचाळीस चेहरे त्याच्याकडे वळले. ठाऊक नाही म्हणायची आमच्याकडे लाज वाटते, आणि पाहुण्यांना रिकाम्या हाताने परत पाठवायची त्याहून जास्त. तोकुझोने घसा साफ केला. तीनशे वर्षांपूर्वी, तो म्हणाला, एका गरीब सुनेच्या हातून इथे भाताचे झाकण वाहून गेले. सासूला काय सांगू म्हणून ती रडत बसली. शेवटी तिने धबधब्याकडे तोंड करून आपली चूक मोठ्याने सांगितली, तेव्हा घळीतल्या देवीला दया आली आणि झाकण उलटे पाणी चढून तिच्या पायाशी आले. तेव्हापासून जो इथे आपली चूक बोलून दाखवतो त्याला क्षमा मिळते.

बायकांनी डोळे पुसले. जांभळी टोपीवाली कठड्याला टेकली आणि धबधब्याकडे पाहून काहीतरी ओरडली. पाण्याच्या आवाजात एक अक्षर ऐकू आले नाही. परत आली ती मात्र दहा वर्षांनी लहान होऊन.

"काय सांगितलंत हो?" मैत्रिणीने विचारले.

"ते धबधब्याला ठाऊक!"

मग उरलेल्या एक्केचाळीस जणींनी शिस्तीत रांग लावली.

पुढच्या महिन्यात तीन बसगाड्या आल्या. पंचायतीने सातव्यापाशी पाटी लावली. लोक कुठून कुठून येऊन ओरडून जाऊ लागले, जावा, सासवा, शाळेचे मास्तर, एकदा एक फौजदारही. गावच्या महिला मंडळाने झाकणाच्या आकाराच्या तांदळाच्या कुरकुरीत चकत्या काढल्या, आणि त्या भाजण्यात सगळ्यात पुढे होती इसोए.

"बिचारी सून! पण तिला देवीने झाकण परत तरी दिलं," चकत्या उलटताना ती म्हणायची. "माझ्या नशिबी मेलं माकड. पत्र्याच्या झाकणावर दगड ठेवून शिजवलेला हा काय भात आहे? आईची आठवण येते हो जेवताना."

तोकुझोच्या घशात चकती अडकायची. आता सांगावे, असे त्याला दर वेळी वाटे. तो तोंड उघडी, तेवढ्यात परसात माकड दिसे आणि इसोए बांबू घेऊन धावे. तो लाल झालेला चेहरा परत आला की याचे तोंड मिटे. बेचाळीस परक्या बायका चुका सांगून मोकळ्या झाल्या, आणि ज्याने ही सोय काढली तो चार वर्षे गप्प होता. मनातून त्याला फार लाज वाटत असे.

चार वर्षांनी ओबाताहून निमंत्रण आले. ओबाता म्हणजे घळीच्या तोंडाशी, नदीकाठचे गाव. तिथल्या मंदिराच्या पायरीला काही वर्षांपूर्वी एक लाकडी झाकण वाहत येऊन लागले होते. पुजारी मोतेगी यांनी ते मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपावर ठेवून दिले. पण पुढे प्रवाशांच्या तोंडून झाकणाची कथा त्यांच्या कानावर गेली आणि त्यांच्या अंगावर काटा आला. लोणच्यावर दुसरे झाकण आले आणि हे काचेच्या पेटीत गेले. आता त्याचा पहिला उत्सव होता. हिनोसावाचे ज्येष्ठ वाटाडे तोकुझो यांनी सहकुटुंब येऊन कथा सांगावी, अशी विनंती होती.

"तू नको येऊस. तुझे गुडघे दुखतात," तोकुझो म्हणाला.

"गुडघे माझे आहेत, माझं मी बघते."

"गर्दीत चेंगरशील."

"ओबातात माणसं किती, नि चेंगरायला किती लागतात!"

"थंडी आहे."

"अहो, तीनशे वर्षांचं झाकण! माझ्या चकत्यांचा आकार बरोबर आहे का ते बघायला नको?" तिने भेट द्यायच्या चकत्यांचा डबा रेशमी रुमालात बांधला. "आणि तुम्हाला एवढा घाम कशाने येतोय?"

मंदिरात ढोल वाजत होता. सगळ्यांनी हात धुतले, चूळ भरली, वाकून नमस्कार केले. जांभळ्या रेशमावर, काचेखाली झाकण विसावले होते. मोतेगी पुजारी हळू आवाजात माहिती देत होते.

"हे दोन खिळे पाहावेत. वाकडे वाटतात ना? मुद्दाम वाकवलेले आहेत. आजचा एकही सुतार असं काम करू शकणार नाही."

"वा!" लोक म्हणाले. तोकुझोच्या सुतारकामाचे आयुष्यात पहिल्यांदाच कोणी कौतुक करीत होते, आणि नेमके ते घेता येत नव्हते.

"आणि कडेचा हा काळा डाग देवीच्या अंगठ्याचा असावा."

इसोएने चष्मा लावला आणि वाकली. डाग पाहिला. खिळे पाहिले. मग पुन्हा डाग पाहिला. काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरली, ती तिने बाहीने पुसली. सावकाश सरळ होऊन तिने नवऱ्याकडे पाहिले.

"अहो."

"हं."

"माकड बरंच लांब पोहत आलं म्हणायचं."

तोकुझोने काही बोलायला तोंड उघडले, पण तेवढ्यात ध्वनिक्षेपकावर त्याचे नाव पुकारले गेले. तो ओट्यावर चढला. समोर दोन गावची माणसे बसली होती, आणि त्यात इसोए, चकत्यांचा डबा मांडीवर घट्ट धरून. तिचे डोळे भरलेले होते. चार वर्षांत ते त्याने पहिल्यांदा नीट पाहिले.

"तीनशे वर्षांपूर्वी एका गरीब सुनेच्या..." तो थांबला. "नाही. चुकलं. चार वर्षं मी चुकीचं सांगत आलो. झाकण सुनेने नाही हरवलं. नवऱ्याने हरवलं."

लोकांत कुजबूज झाली. पंचायतीच्या माणसाने वही काढली.

"बायकोच्या आईचं झाकण होतं. ते त्याने दारू पिताना वाहवलं. भ्याला, आणि घरी जाऊन सांगितलं, माकडाने नेलं. बायकोचा विश्वास बसला. ती रोज माकडांच्या मागे धावायची आणि हा गाढव बघत बसायचा. त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याला फार वाईट वाटतं... वाटत होतं."

मग मागून कोणीतरी बाई ओरडली, "मग बायकोने काय केलं? माफ केलं का?"

"ते," तोकुझो म्हणाला, "ते मला ठाऊक नाही."

"मला ठाऊक आहे," इसोए उभी राहिली. माना गर्रकन वळल्या. "आमच्या बायकांत ती कथा पुरी सांगतात. माफ केलं तिने. मेल्याला टाकून देणार होती का एवढ्या वर्षांनी? पण दोन अटी घातल्या. एक, दर वर्षी नवा तांदूळ निघाला की झाकणाने एक दिवस माहेरपणाला हिनोसावाला यायचं आणि त्याखाली भात शिजायचा."

मोतेगी पुजाऱ्यांनी डोळे टिपले. कथेतच तसे असेल तर मंदिराला नाही म्हणताच येणार नव्हते. "अवश्य," ते म्हणाले. "पालखीतून आणू. आणि दुसरी अट?"

"ती घरी गेल्यावर सांगितली तिने," इसोए म्हणाली आणि खाली बसली.

पंधरा दिवसांनी झाकण बासरीच्या सुरात पूल ओलांडून वाजत-गाजत हिनोसावात आले आणि इसोएच्या हंड्यावर बसले. वाफ आली. इसोएने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"आई," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "मुळ्याचा वास येतोय किंचित. पण आईच."

तोकुझोने तीन वाट्या भात खाल्ला. चार वर्षांत त्याला असे जेवण गेले नव्हते. मग इसोएने ताटलीत भाताचे गोळे मांडले आणि ताटली त्याच्या हातात दिली. "चला. दुसरी अट."

परसातल्या झाडावर माकडांचा कळप बसला होता. बांबूशिवाय आलेल्या इसोएला पाहून माकडे जास्तच सावध झाली. तोकुझोने ताटली झाडाखाली ठेवली, दोन पावले मागे सरला, हात मांड्यांना चिकटवले आणि कमरेत वाकला.

"अजून खाली," इसोए म्हणाली.

तो अजून वाकला. "चार वर्षं तुमच्यावर खोटा आळ घेतला. क्षमा असावी."

आणि तिच्याही बांबूचा हिशेब होताच, म्हणून इसोएही शेजारी येऊन वाकली.

दोघे सरळ झाले तेव्हा कुंपणापलीकडे बस थांबलेली होती. पन्नासएक बायका उतरून ओळीने उभ्या होत्या, पिशव्या खाली ठेवल्या होत्या आणि सगळ्या माकडांपुढे कमरेत वाकल्या होत्या. सगळ्यांत पुढे एक जांभळी टोपी होती. तिने मान वर करून अगदी आदराने विचारले, "आजोबा, ही प्रथा कधीपासूनची हो?"

तोकुझोने घसा साफ केला.

"तुम्ही गप्प बसा," इसोए म्हणाली, आणि बायकांकडे वळली. "तीनशे वर्षांपूर्वी..."